सोयाबीन उगवले नाही, पण दोष बियाण्याचा नसेल तर तक्रारीत नाव घालावे का?

पांदणवाट (दारव्हा, जि. यवतमाळ) :

यंदा आमच्या भागात मृगाची पहिली सर बरी झाली, पुष्कळांनी तेवढ्यावर पेरणी उरकली, आणि मग पावसाने अशी दडी मारली की आर्द्रा लागेपर्यंत आभाळ कोरडेच राहिले. काहींनी मात्र धीर धरला आणि दुसऱ्या पावसानंतर जमिनीत वीतभर ओल गेल्याची खात्री करून पेरले. सोयाबीन दोघांचेही उगवले नाही. म्हणजे घाई केलेल्यांपैकी बहुतेकांचे, आणि धीर धरलेल्यांपैकी ज्यांनी एका कंपनीच्या एकाच लॉटच्या बॅगा नेल्या होत्या त्यांचे. कंपनीचे नाव येथे लिहीत नाही, कारण प्रकरण अजून बियाण्याच्या तक्रारी तपासणाऱ्या समितीपुढे जायचे आहे.

मी दोन्ही प्रकारच्या शेतांत पेरणीचे तास (ओळी) उकरून पाहिले. धीराने पेरलेल्यांच्या शेतात दाणा ओल्या मातीत होता, टम्म फुगलेला होता, पण बोटाने दाबला की कुबट वासाचा लगदा बाहेर येई आणि कोंबाचा पत्ता नव्हता. त्याच शेतात घरचे बियाणे पेरलेल्या तासांना रोपे वर आलेली होती. घाईने पेरलेल्यांकडे दाण्याला कोंब फुटून तो वाळला होता, म्हणजे बियाणे जिवंत होते आणि पाण्यावाचून मेले. शेतात पावसाळे काढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

कंपनीचा प्रतिनिधी येऊन गेला आणि तक्रार असेल त्याला बॅगेची किंमत किंवा बदली बॅग देऊ, मात्र प्रकरण वर जाऊ देऊ नका, असे तोंडी सांगून गेला. त्यानंतर गावाने एकच सामूहिक अर्ज करायचे ठरवले आणि त्यात घाईने पेरलेल्यांचीही नावे आली. मी शाळेत शिक्षक होतो म्हणून अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी शंका काढली तेव्हा उत्तर मिळाले, "कंपनीले काय फरक पडते, मास्तर?"

फरक पडत नाही हे मलाही दिसते. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपनीच्या हिशेबात आमच्या गावच्या बॅगा कुठे दिसणारही नाहीत. तरीही माझे मन अडते ते असे : हीच माणसे गावातल्याच एखाद्याकडून घरचे बियाणे विकत घेतात, आणि ते पाण्यावाचून वाळले तर त्याच्या दारात पैसे मागायला जात नाहीत. उलट "तुझं बियाणं चांगलं होतं, आमचंच चुकलं" असे सांगतात. मग समोरचा मोठा झाला, त्याचा चेहरा दिसेनासा झाला, म्हणून खरे-खोटे बदलते का? दुसरीकडे, कंपनीने आपल्याशी कधी शेजाऱ्यासारखा व्यवहार केला आहे, हाही प्रश्न रास्तच आहे. जाणकारांनी कायद्याची बाजू सांगावी, पण मला मुख्यतः वैयक्तिक सचोटीबद्दल मते हवी आहेत.

तिफण (मेहकर, जि. बुलडाणा) :

मास्तर, प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो. शेजाऱ्याची तुलना मला मान्य नाही. शेजारी बियाणे देताना आपल्यासोबत वर्ष काढणार असतो. त्याचे चुकले तर तो आपल्या दुबार पेरणीला बैलजोडी देतो. कंपनी काय देते? बॅगेवरच बारीक अक्षरांत छापलेले असते की आमची जबाबदारी बियाण्याच्या किमतीपुरती. म्हणजे उगवण झाली नाही तर शेतकऱ्याचा हंगाम जातो, खत जाते, मजुरी जाते, ट्रॅक्टरचे भाडे जाते, पेरणीचे दिवस टळून जातात आणि त्या बदल्यात त्याला मिळते एका बॅगेची किंमत. ज्याने आपली जबाबदारी आधीच छापून आखडती घेतली आहे त्याच्याशी आपण मात्र मन मोकळे ठेवून वागायचे, ही अपेक्षा एकतर्फी आहे.

दुसरे असे की गेल्या अनेक वर्षांत ज्यांची तक्रार खरी होती त्यांपैकी किती जणांना काही मिळाले? कागद नाही, पावती नाही, बॅग फेकून दिली, समिती वेळेत आली नाही, या कारणांनी बहुतेक तक्रारी विरून जातात. घाईने पेरलेल्या त्या माणसाचे मागच्या एखाद्या वर्षी खरोखर बुडाले असेल आणि तेव्हा त्याला काहीच मिळाले नसेल. आज तो खोटी तक्रार करत असेल, पण जुन्या हिशेबात तो अजून देणेकरी नाही. ज्याचे घेणे थकले आहे त्याने ते मिळेल त्या मार्गाने वसूल केले तर मी त्याला चोर म्हणणार नाही.

वऱ्हाडी वकील (अकोला) :

आधी कायदा. शेती हा व्यवसाय असल्यामुळे शेतकरी ग्राहक नाही, असा बचाव बियाणे कंपन्या पूर्वी घेत असत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात तो फेटाळला आणि शेतकरी ग्राहक मंचात दाद मागू शकतो हे स्पष्ट केले. त्याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे : शेतकऱ्याने पुढे तपासणी लागेल म्हणून थोडे बियाणे राखून ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही, कारण तो सगळे बियाणे पेरण्यासाठीच घेतो. तेव्हा "नमुना नाही म्हणजे तक्रार नाही" हे कंपनीच्या प्रतिनिधीचे नेहमीचे वाक्य ऐकून घरी बसू नये.

सध्या लागू असलेला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. बॅगेवर छापलेली जबाबदारीची मर्यादा हा शेवटचा शब्द नसतो. नुकसान पिकाचे झाले आहे हे सिद्ध केले तर आयोग किमतीपलीकडची भरपाई देऊ शकतो. तिफण यांनी मांडलेली निराशा मी पुरती जाणतो, पण मार्गच नाही असे म्हणणे बरोबर नाही.

आता मास्तरांच्या अर्जाविषयी. अनेकांनी मिळून एक तक्रार करायची असेल तर कायद्याला त्या सर्वांचे हित समान असावे लागते आणि आयोगाची परवानगी घ्यावी लागते. कुजलेल्या दाण्याचा शेतकरी आणि वाळलेल्या कोंबाचा शेतकरी यांचे हित समान नाही. कंपनीचा वकील उलटतपासणीसाठी कोणाला निवडेल? ज्याने कमी ओलीत पेरले त्यालाच. त्याचे एक शेत, एक पर्जन्यमापकाची नोंद आणि एक पेरणीची तारीख समोर ठेवली की सगळा अर्ज संशयास्पद ठरतो.

पऱ्हाटी (अकोट) :

वकीलसाहेबांचे पटले. थोडे विषयाला समांतर, पण याच प्रश्नाचे दुसरे रूप असल्यामुळे लिहितो.

बीटी कपाशीच्या (बोंडअळीला मारक विष झाडातच तयार होणाऱ्या वाणाच्या) ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत पूर्वी १२० ग्रॅमची बिगर-बीटी बियाण्याची पुडी येत असे. ती शेताच्या कडेने आश्रयपीक म्हणून लावायची होती, म्हणजे बीटीचे विष न चाखलेल्या अळ्यांची पैदास टिकून राहावी आणि प्रतिकारक्षम अळ्यांचा संकर त्यांच्याशी होत राहावा. किती जणांनी ती लावली? धुऱ्यावर फेकलेल्या पुड्या मी स्वतः पाहिल्या आहेत. बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, दुसरी पिढी २००६ मध्ये आली, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी पोखरून काढली तेव्हा सगळा दोष कंपनीचा, असे आपण म्हणालो. कंपन्यांचाही दोष होताच. त्या पुडीतले बियाणे पुष्कळदा कमी उगवणीचे किंवा मुख्य वाणाशी फुलोऱ्याचा काळ न जुळणारे असे, आणि ती का लावायची हे शेतकऱ्याच्या भाषेत सांगण्याची तसदी क्वचितच कोणी घेतली. पण आपला वाटा शून्य नव्हता.

आणि चोर बीटीबद्दल. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कपाशीला मंजुरी नाही, तरी ती आमच्याकडे सर्रास लागते. १० जून २०१९ रोजी शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी आमच्याच तालुक्यातील अकोली जहांगीर येथे ती दिवसाढवळ्या, आधी जाहीर करून पेरली. मला त्यांचे सगळे म्हणणे पटते असे नाही. पण कायदा चुकीचा वाटतो म्हणून उघडपणे मोडणे आणि होईल ते सोसण्याची तयारी ठेवणे ही एक गोष्ट झाली. रात्री पिशवीतून आणून, बिलाविना पेरून, फसली तर कपाळाला हात लावून बसणे ही दुसरी. त्या बियाण्याला पावती नसते, त्यामुळे फसवणूक झाली तर वकीलसाहेबांकडेही जाता येत नाही.

पवनारकाठ (वर्धा) :

सगळी चर्चा बियाण्यावर चालली आहे, म्हणून घरातले एक उदाहरण मांडते. ऑनलाइन मागवलेली साडी लग्नात नेसायची, टॅग आतल्या बाजूला पिनेने लपवायचा आणि तिसऱ्या दिवशी "रंग वेगळा निघाला" म्हणून परत करायची, ही आता आमच्या नात्यात कौतुकाने सांगायची गोष्ट झाली आहे. मी एका वहिनींना विचारले तेव्हा त्यांनीही हेच उत्तर दिले : कंपनी एवढी मोठी, तिला काय. पण ती साडी त्या मोठ्या कंपनीची नसतेच. ती सुरतेच्या किंवा आणखी कुठल्या छोट्या विक्रेत्याची असते. परतीचा खर्च पुष्कळदा त्याच्या खात्यातून वळता होतो आणि परत आलेल्या साडीवर हळदीचा डाग असेल तर ती त्याच्याच गळ्यात पडते.

एक प्रश्न वकीलसाहेबांना. आमच्या शेजारी एक कुकर मागवला आणि दोन आले. पैसे एकाचेच कापले गेले. दुसरा ठेवून घेणे चूक आहे, असे मी म्हटले तर सगळे हसले.

वऱ्हाडी वकील :

हसू द्या. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचे कलम ७२ सांगते की चुकून दिलेले पैसे किंवा चुकून पोचलेली वस्तू ज्याला मिळाली त्याने ती परत केली पाहिजे. चूक करणारा लहान आहे की मोठा, याचा त्या कलमात उल्लेखही नाही. त्यांनी कंपनीला कळवावे आणि घेऊन जायला सांगावे. तालुक्याच्या गावी स्वखर्चाने पोचवून देण्याची गरज नाही.

तिफण :

पवनारकाठ ताई, साडीचे उदाहरण पटले, कारण तिथे मार खाणारा माणूस दिसतो. पण कंपन्यांचेही थोडे सांगा. ॲपवर सामान घेताना न विचारता विम्याचा किंवा देणगीचा चौकोन आधीच टिचकी मारून ठेवलेला असतो, "फक्त दोन शिल्लक" असे खोटेच लिहिलेले असते, वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला भूलभुलैया. आमच्या आईने मोबाइलवर न कळता काहीतरी सुरू केले आणि महिन्याला पैसे कापले जात राहिले. याला कोणी अप्रामाणिकपणा म्हणत नाही, "डिझाइन" म्हणतात.

वऱ्हाडी वकील :

आता म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारच्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत आणि आपण दिलेली तिन्ही उदाहरणे त्यांत बसतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार देता येते. आईंच्या प्रकरणात बँकेचे विवरणपत्र जपून ठेवा.

कृषी केंद्र चालक (तालुका मुद्दाम लिहीत नाही) :

बऱ्याच वेळापासून वाचतो आहे. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणारा माणूस म्हणून लिहितो.

शेतकऱ्याला जी कंपनी दिसते ती म्हणजे मी. बियाणे उगवले नाही की पहिला माणूस माझ्या काउंटरवर हात आपटतो. कंपनीकडे गेलो तर पहिला प्रश्न येतो : गोदामात बॅगांची थप्पी किती उंच लावली होती, पत्रा तापत होता का? सोयाबीनचे साल पातळ असते, बॅग आदळली तरी उगवण घटते हे खरेच आहे, पण त्याचा आधार घेऊन सगळे माझ्यावर ढकलता येते. खताचेही तेच. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना विकायची असे सरकार सांगते, आणि ती हवी असेल तर सोबत अमुक सूक्ष्म अन्नद्रव्याचे डबे उचला असे वरून सांगितले जाते. ते लिंकिंग मी शेतकऱ्याच्या माथी मारतो. बंदी आहे हे मला ठाऊक आहे, शेतकऱ्यालाही ठाऊक आहे, आणि पॉस मशीनवर अंगठा लावताना दोघेही एकमेकांकडे पाहत नाही.

पण मास्तरांच्या प्रश्नावर मला वेगळेच सांगायचे आहे. कंपनीला खोटी तक्रार नकोशी असते, हा तुम्हा सर्वांचा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. प्रतिनिधी गावात येतो तेव्हा तो खरे-खोटे निवडायला येत नाही, आवाज मोजायला येतो. जे पाच-सात जण मोठ्याने बोलतात त्यांना तो बॅगा देतो आणि त्या बदल्यात पंचनामा टाळतो. त्याला हे स्वस्त पडते. एकदा समितीने लॉट क्रमांकासह अहवाल लिहिला की तो लॉट जिथे जिथे विकला गेला तिथल्या सगळ्यांना दार उघडते. म्हणून कोणाचे खरे आणि कोणाचे खोटे हे एकमेकांत मिसळलेले असणे त्याच्या सोयीचे असते. समिती आलीच, तर तो समितीला सर्वांत आधी वाळलेल्या कोंबाच्या शेतात नेतो.

मास्तर, तुमच्या गावातल्या प्रतिनिधीने "वर जाऊ देऊ नका" असे म्हटले ना? त्याचा अर्थ हाच आहे.

पैसेवारी (वाशीम) :

चालकभाऊंनी जे लिहिले ते पीक विम्यातही पाहिले आहे. मी काही हंगाम एका विमा कंपनीसाठी नुकसानीच्या पाहणीचे काम केले, म्हणून आतली बाजू थोडी ठाऊक आहे.

राज्यात खरीप २०२३ पासून १ रुपयात विमा मिळू लागला आणि २०२५ च्या खरिपापासून ते बंद होऊन शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कपाशीसारख्या नगदी पिकांना ५ टक्के झाला. योजना बदलताना बोगस अर्जांचे कारण पुढे करण्यात आले. दुसऱ्याच्या गट नंबरावर, गायरानावर, देवस्थानाच्या जमिनीवर विमे उतरवलेले सापडले, हे खोटे नाही. पण हे सगळे शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकणेही खरे नाही. प्रत्येक अर्जामागे तो भरून देणाऱ्या सेवा केंद्राला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळत होते, तेव्हा अर्ज वाढवण्यात कोणाला रस होता हे उघड आहे. शिवाय राज्याने घेतलेल्या ८०-११० च्या सूत्रानुसार दावे हप्त्याच्या ११० टक्क्यांपलीकडे गेले तर वरचा भार शासन उचलणार आणि दावे कमी आले तर कंपनीने ठरलेला वाटा ठेवून उरलेले शासनाला परत करायचे. म्हणजे खोट्या दाव्याने कंपनीचे वाकडे फारसे होत नव्हते. जात होते ते सरकारी तिजोरीतून.

पाहणीच्या वेळी काय होई ते सांगतो. एका शिवारात दोन शेते नुकसान नसताना कळवलेली सापडली की पर्यवेक्षक सांगत असे, "या गावाचे सगळेच टक्के कमी धरा." तिसरे शेत खरोखर पाण्याखाली असे आणि त्या शेताची बाई चिखलात उभी राहून पाण्याची पातळी दाखवत असे. तिने ७२ तासांच्या आत कळवलेले असे, फोटो काढलेले असत. तिचेही टक्के कमी धरले जात. तिफणभाऊ, तुम्ही म्हणता मार खाणारा माणूस दिसला पाहिजे. तो मी पाहिला आहे आणि तो कंपनीत बसत नव्हता.

तिफण :

पैसेवारी आणि चालकभाऊ, तुम्हा दोघांचे वाचून माझ्या पहिल्या प्रतिसादातला एक भाग मी सोडतो. सामूहिक अर्जात खोटी नावे घालणे हे खऱ्या तक्रारदाराचे नुकसान आहे आणि कंपनीचा फायदा आहे, हे मान्य. मास्तरांनी ती नावे काढावीत.

पण मास्तरांचा मूळ प्रश्न वेगळा होता आणि त्यावर मी अजून हटून आहे. समजा कोणा शेतकऱ्याचे नुकसान होत नाही, लॉटचा पंचनामा झालेला आहे, आणि एखाद्याने एकट्याने कंपनीकडून एक बॅग उकळली. ते चूक आहे असे तुम्ही म्हणाल, मी म्हणेन की ते क्षुल्लक आहे. शेतकऱ्याच्या सचोटीची आपण भिंग लावून तपासणी करतो आणि लिंकिंगला "व्यवस्था" म्हणून सोडून देतो, याचा मला राग आहे. चालकभाऊंनी लिंकिंगविरुद्ध लेखी तक्रार करावी, मग आपण बॅगेच्या पापाबद्दल बोलू.

कृषी केंद्र चालक :

लेखी केली तर पुढच्या हंगामात माझ्या केंद्राला युरियाची गाडी येणार नाही. त्याची झळ पुन्हा तुम्हालाच. तुमचा राग रास्त आहे, मी त्याला उत्तर देऊ शकत नाही.

पवनारकाठ :

तिफण, चालकभाऊंच्या केंद्राचे नाव न घेता ग्राहकांनी मिळून तक्रार करता येईल. खत घेतले, सोबत काय घ्यावे लागले, दोन्हींची बिले जोडून दहा-वीस शेतकऱ्यांनी जिल्हा कृषी अधीक्षकांकडे दिले तर एका दुकानदारावर रोख राहणार नाही. वहिनींच्या साडीवर मी बोलू शकते आणि याही कामाला वेळ देऊ शकते. एकाने दुसरे अडत नाही. तुम्ही मेहकरकडून सुरुवात करता का?

तिफण :

करतो. बिलावर जोडवस्तू वेगळी लिहिली असेल तरच उपयोग आहे, बरेच जण ती कच्च्या चिठ्ठीवर देतात. पक्के बिल मागायला आधी लोकांना सांगावे लागेल.

पांदणवाट :

सर्वांचे आभार. काय झाले ते कळवतो.

सामूहिक अर्ज रद्द केला. लॉटच्या बॅगा घेऊन ओलीत पेरलेल्यांचे वेगवेगळे अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे दिले, प्रत्येकात पेरणीची तारीख, गट नंबर, लॉट क्रमांक आणि बॅगेला शिवलेल्या लेबलाची छायाप्रत. दोघांकडे बॅगेत तळाशी मूठमूठ दाणे उरले होते ते सीलबंद करून घेण्याची विनंती केली आहे, म्हणजे नागपूरच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत पाठवता येतील. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण हवी, तेव्हा प्रयोगशाळेचा आकडा बोलेल. एका घरी उरलेल्या दाण्यांपैकी शंभर आम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले आहेत. तो काही पुरावा नव्हे, पण आपल्याला आधी कळलेले बरे.

घाईने पेरलेल्यांपैकी बहुतेकांनी, चालकभाऊंचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर, नावे मागे घेतली. समितीला आधी आपल्याच शेतात नेतील हे त्यांना पटले, सचोटीचे माझे व्याख्यान पटले असे मी म्हणणार नाही. एकजण मात्र रागावला आणि त्याने प्रतिनिधीला स्वतः फोन करून बॅग मिळवली. तो आता पारावर ती गोष्ट सांगतो आणि मी तिथून उठून जात नाही, कारण बसण्यासाठी गावात दुसरा पार नाही. तिफण यांना याचे काही वाटणार नाही. मला वाटते, आणि ते तसेच राहू द्यावे असे मी ठरवले आहे.

एक अडचण उरली आहे. ओलीत पेरलेल्यांत एकजण मक्त्याने, म्हणजे दुसऱ्याची जमीन ठरलेल्या रकमेवर घेऊन, शेती करतो. त्याच्या बॅगांची पावती त्याच्या थोरल्या भावाच्या नावावर आहे, कारण उधारीचे खाते भावाचे आहे. दुकानदार म्हणतो की मागील तारखेची नवी पावती याच्या नावाने करून देतो. नुकसान खरे आहे, लॉट तोच आहे, फक्त कागद जुळत नाही. करून घ्यावी का?

वऱ्हाडी वकील :

घेऊ नये, आणि त्याची गरजही नाही. ग्राहकाच्या व्याख्येत वस्तू विकत घेणाऱ्याच्या संमतीने ती वापरणारा माणूसही येतो. मूळ पावती आहे तशी लावा. पावती माझ्या नावाची असून बियाणे धाकट्या भावाने त्याच्या मक्त्याच्या शेतात माझ्या संमतीने पेरले, असे थोरल्या भावाचे शपथपत्र जोडा. मक्त्याचा करार तोंडी असेल तर जमीनमालकाचे दोन ओळींचे लेखी निवेदन घ्या. जमीनमालक पुष्कळदा कुळाचा हक्क लागेल या भीतीने लिहून देत नाहीत. तसे झाले तर समितीच्या पाहणीच्या दिवशी शेजारच्या दोन धुरेकऱ्यांना हजर ठेवा आणि शेत कोण कसतो ते पंचनाम्यात त्यांच्या सहीने नोंदवून घ्या. उधारी खात्याच्या वहीतल्या त्या दिवशीच्या नोंदीची छायाप्रतही दुकानदाराकडून मागून ठेवा. ती नोंद जुन्या तारखेची आहे आणि खरी आहे, तेव्हा तो ती द्यायला नाही म्हणणार नाही.